एक शून्य, सहा गोल : वाल्टर झेमानची कारकीर्द कशी वाचायची?

स्ट्रायकरची कारकीर्द आपण बेरजेने सांगतो: इतके सामने, इतके गोल. गोलकीपरची मात्र वजाबाकीने. त्याने अडवलेला चेंडू धावफलकावर दिसत नाही, आत गेलेला कायमचा लिहिला जातो. आपल्या ओळखीच्या विकेटकीपरचंही तेच, नाही का? शंभर चेंडू नीट घेतले तर कोणी बोलत नाही, एक सुटला की बाय लागतो.

या हिशोबात कुठे चुकतं ते पाहायला आम्ही ऑस्ट्रियाचा वाल्टर झेमान निवडला. जन्म १९२७चा, व्हिएन्नाचा. क्लब रापिड. देशासाठी ४१ सामने. पण त्याची गोष्ट बहुतेक दोनच दिवसांत उरकली जाते.

पहिला दिवस १३ डिसेंबर १९५०, ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क. ब्रिटिश बेटांबाहेरचा कुठलाही संघ तोवर स्कॉटलंडला त्यांच्या घरी हरवू शकला नव्हता. ऑस्ट्रियाने १-० असं हरवलं. गोल एर्न्स्ट मेल्शियोरचा, पण नाव झालं झेमानचं. मार्जारकुळातल्या शिकारी जनावराचं बिरुद त्याला मिळालं, तेही ग्लासगोच्या नावासकट.

दुसरा दिवस ३० जून १९५४, बाझल. वर्ल्ड कपची सेमीफायनल. पश्चिम जर्मनी ६, ऑस्ट्रिया १. गोलमध्ये झेमान.

आता या दोन दिवसांच्या मध्ये एक तिसरा दिवस ठेवू, म्हणजे बाझलच्या चारच दिवस आधीचा. लोझानमध्ये क्वार्टर फायनल, यजमान स्वित्झर्लंडविरुद्ध, रणरणत्या उन्हात. त्या दिवशी गोलमध्ये झेमान नव्हता, कुर्ट श्मीड होता. त्याला ऊन लागलं. बदली खेळाडू तेव्हा वर्ल्ड कपमध्ये चालत नसे, म्हणून तो तसाच उभा राहिला. वीस मिनिटांच्या आत स्वित्झर्लंड ३-० पुढे. मग ऑस्ट्रियाने तीन मिनिटांत तीन गोल परत केले आणि शेवटी सामना ७-५ असा जिंकला.

जरा आकडे शेजारी ठेवून बघा. श्मीडवर पाच गोल झाले, झेमानवर सहा. फरक एकाचा! तरी पहिला सामना शौर्यकथा म्हणून सांगितला जातो, दुसरा नाचक्की म्हणून. हा फरक गोलकीपरांनी केला का? आमच्या मते नाही. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला झाला. लोझानमध्ये ऑस्ट्रियाने सात गोल केले, बाझलमध्ये एकट्या एरिख प्रोब्स्टने एक. ग्लासगोलाही हाच नियम लावा. मेल्शियोरचा गोल झाला नसता तर सामना ०-० सुटला असता. झेमानने अडवलेले चेंडू तेवढेच राहिले असते, पण बिरुद मिळालं असतं का?

बाझलमध्ये झेमान चांगला खेळला असा आमचा दावा नाही बरं का. सहा गोल म्हणजे सहा गोल. पण त्यातले दोन पेनल्टीचे, फ्रिट्झ वाल्टरने मारलेले. मध्यंतराला जर्मनीची आघाडी एकाच गोलची होती. आणि मुख्य म्हणजे, त्या स्पर्धेतला झेमानचा तो पहिलाच सामना होता. आधीचे तिन्ही सामने श्मीड खेळला होता. थेट सेमीफायनलला, समोर पुढे जगज्जेता ठरलेला संघ. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत पुन्हा श्मीड आला, उरुग्वेला ३-१ हरवलं, आणि वर्ल्ड कपमधलं ऑस्ट्रियाचं आजवरचं सर्वोत्तम स्थान मिळालं. त्या यशात झेमानच्या नावावर फक्त ते सहा गोल राहिले.

तेव्हा गोलकीपरची समीक्षा करताना 'किती गोल खाल्ले' हा प्रश्न आम्ही दुसरा ठेवू. पहिला प्रश्न असा: त्याला कधी, कोणत्या अवस्थेत उभं केलं, आणि पुढच्या दहांनी काय केलं? हे न विचारता लावलेलं बिरुद आणि लावलेला डाग, दोन्ही सारखेच उधारीचे. ग्लासगोचं श्रेय त्याला द्यायचं तर पूर्ण द्या. पण मग बाझलचा दोष अकरा जणांत वाटून घ्या.

आता प्रश्न घेऊ.