मतदान आणि समता : दोन कुलाब्यांची साक्ष

जो मत देतो त्याचे राज्यकर्ते ऐकतात. समाजात गरिबांची संख्या मोठी. म्हणून गरिबांनी मोठ्या संख्येने मत दिले की राज्याची तिजोरी आपोआप त्यांच्याकडे वळू लागेल, असा सरळ हिशेब लोकशाहीचे पुरस्कर्ते दीर्घकाळ मांडीत आले आहेत. लोकशाहीचे विरोधकही हाच हिशेब मांडीत. फरक इतकाच, की पहिल्यांना त्यात आशा दिसे आणि दुसऱ्यांना भय. अलीकडच्या काळात या हिशेबाचे सर्वांत रेखीव प्रतिपादन आरेंड लाइपहार्ट या मूळच्या डच, परंतु अमेरिकेत अध्यापन केलेल्या पंडिताने केले. अमेरिकेतील राज्यशास्त्र-परिषदेचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी केलेले भाषण १९९७ साली निबंधरूपाने प्रसिद्ध झाले. ‘असमान सहभाग : लोकशाहीचा न सुटलेला पेच’ असे त्याच्या मथळ्याचे मराठी करता येईल. आपल्याकडे मतदानाचे प्रमाण घसरले म्हणजे सक्तीची जी भाषा ऐकू येते, तिच्यामागे कळत-नकळत याच निबंधातील विचार उभा असतो. तेव्हा त्याची परीक्षा आपल्याच मातीवर करून पाहणे अगत्याचे आहे.

लाइपहार्ट यांचे म्हणणे थोडक्यात असे. मतदान कमी झाले की ते सर्व थरांत सारखेच कमी होत नाही. शिकलेला व सुस्थितीतील मनुष्य केंद्रावर जातो, आणि गरीब व अशिक्षित मनुष्य घरी राहतो. असमान सहभागातून असमान प्रभाव उत्पन्न होतो, आणि त्या प्रभावाप्रमाणे राज्याची धोरणे वळतात. यावर त्यांनी सुचविलेले उपाय अनेक आहेत. नावनोंदणी सोपी करावी, मतदान सुट्टीच्या दिवशी घ्यावे, प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणावे, निवडणुका वारंवार घेऊ नयेत. परंतु त्यांचा खरा भर सक्तीच्या मतदानावर आहे.

हे प्रतिपादन पोकळ नाही. ऑस्ट्रेलियाने १९२४ साली राष्ट्रीय निवडणुकांसाठी मतदान सक्तीचे केले. १९२२ साली ज्या देशात साठ टक्क्यांहून कमी मतदान झाले, तेथे १९२५ साली ते नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले. त्या सक्तीने मजूर पक्षाची मते वाढली व वृद्धांच्या निवृत्तिवेतनावरील खर्चही वाढला, असे अँथनी फाउलर या संशोधकाने पुढे दाखवून दिले. ब्राझीलचा दाखला तर याहून बोलका आहे. तेथे जुन्या मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव वा क्रमांक लिहावा लागे. ज्याला लिहिता येत नसे त्याचे मत बहुधा बाद ठरे. १९९८ साली मोठ्या गावांत यंत्रे आली, पडद्यावर उमेदवाराचे चित्र दिसू लागले, आणि आजवर वाया जाणारी गरिबांची मते मोजली जाऊ लागली. त्यानंतर सार्वजनिक आरोग्यावरील खर्च वाढला आणि गरीब मातांची प्रसूतिपूर्व तपासणी अधिक होऊ लागली, असा थॉमस फुजिवारा यांचा निष्कर्ष आहे. आपण हे कार्य १९५१-५२ सालच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत केले होते. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह असे. अक्षरशत्रू मनुष्यालाही आपले मत बिनचूक टाकता येई. लाइपहार्ट यांच्या सिद्धान्ताला अनुकूल अशी भूमी भारताहून दुसरी कोणती असणार? मग ती परीक्षा कशी उतरते ते पाहू.

परीक्षेसाठी आम्ही वडखळचा परिसर निवडतो. पेण तालुक्यातील या गावाशी मुंबई-गोवा मार्गाला अलिबागचा फाटा फुटतो. एका अंगाला धरमतरच्या खाडीचे पाणी, त्याला थोपवून धरणारे खारबांध व त्यांच्या आश्रयाने पिकणारी भातखाचरे. दुसऱ्या अंगाला डोलवीचा पोलादाचा कारखाना. हा मुलूख पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचा. १९८१ पासून त्याला रायगड म्हणतात. जमीन कोणाची, पाणी कोणाचे आणि पीक कोणाचे, हे आर्थिक विषमतेचे तिन्ही प्रश्न या टापूत गेली शंभर वर्षे उघडपणे विचारले गेले आहेत, आणि त्यांना मताचे उत्तर कितपत मिळाले हे येथे स्पष्ट दिसते.

आरंभ मताविनाच झाला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निश्चय केला. पंचवीस गावांचा हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे कुळांनी नांगर टेकवून ठेवले, रानातील लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण निश्चय मोडला नाही. संप चालू असतानाच १९३७ च्या निवडणुका झाल्या. परंतु १९३५ च्या कायद्याखाली मताधिकार महसूल, मालमत्ता, शिक्षण यांसारख्या कसोट्यांवर बेतलेला होता. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ३ कोटी लोकांनाच तो लाभला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक संमत झाले नाही. तथापि १९३९ च्या कूळकायद्याने संरक्षित कूळ ही वस्तू कायद्यात आली. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १९४९ च्या कायद्याने खोती संपली.

या घटनाक्रमाचा क्रमच विचार करण्याजोगा आहे. प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक १९५१-५२ ची. जमिनीच्या मालकीला हात घालणारे मूळचे कायदे त्याच्या आधीचे. म्हणजे या भूमीवरील समतेचे सर्वांत मोठे पाऊल मतपेटी भरण्यापूर्वीच पडू लागले होते. ते कशाच्या बळावर? नांगर न धरण्याच्या बळावर, आणि विधिमंडळात त्या न धरलेल्या नांगराचा अर्थ सांगणारा मनुष्य होता म्हणून. लाइपहार्ट यांच्या निबंधात सहभाग म्हणजे मुख्यतः मतदान. चरीच्या कुळांचा सहभाग त्यांच्या मोजमापात कोठेच सापडणार नाही.

तरी मताधिकाराला त्याचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कुळांना कायद्याने जमिनीचे मालक मानण्याचे धोरण प्रौढ मताधिकाराच्या काळातलेच. रोजगार हमी योजनेचे उदाहरण तर मोठे मोलाचे आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने ती राज्यभर वाढली, १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ साली नोकरी-व्यवसायावर कर बसविण्यात आला. आमच्या वाचकांपैकी पगारदारांच्या वेतनातून दरमहा जी लहानशी रक्कम कापली जाते, ती मुळात खेड्यातील मजुराच्या हातांना काम मिळावे म्हणून कापली जाऊ लागली. शहराकडून खेड्याकडे पैसा वळविण्याचे असे धाडस खेड्यातील बहुसंख्य मतांचा पाठिंबा नसता तर कोणत्याही सरकारने केले नसते. परंतु येथेही दुष्काळाने गांजलेले लोक रस्त्यावर आले होते; कोणता प्रश्न सोडवावयाचा हे मतमोजणीपूर्वीच ठरून गेले होते.

आता पेण तालुक्यातील २००८ सालची गोष्ट पाहू. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण व पनवेल तालुक्यांतील विस्तीर्ण जमीन घेण्याचे घाटत होते. प्रा. एन. डी. पाटील प्रभृतींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी विरोध मांडला. पेणच्या २२ गावांचे म्हणणे असे, की आमची जमीन हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील आहे. त्या धरणाचे पाणी नवी मुंबईच्या नळांना पोहोचले होते. शेताकडे जाणाऱ्या कालव्यांची कामे मात्र दीर्घकाळ रेंगाळली होती. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने त्या गावांतील जमीनधारकांचे मत अजमावले. मते मागवली गेली, लोकांनी ती मोठ्या प्रमाणावर विरोधात दिली. परंतु त्या कौलाला कायद्याचे बंधन कोठेही नव्हते, आणि सरकारने निकाल रीतसर जाहीर करून त्यावर निर्णय दिला नाही. पुढे भूसंपादन मुदतीत पुरे झाले नाही व योजना बारगळली. जमीन वाचली ती मतमोजणीने नव्हे. वर्षानुवर्षांच्या चिकाटीने वाचली.

या प्रसंगातील एक गोष्ट आम्हांस अधिक बोचते. मत विचारले गेले ते ज्यांच्या नावे जमीन होती त्यांना. त्याच खारापाटात मजुरीवर जगणारे भूमिहीन, कातकरी व खाडीवर पोट असणारे कोळी यांच्याही निर्वाहाचा तो प्रश्न होता. १९३७ साली मालमत्तेची जी कसोटी मतदाराला लागत असे, तीच २००८ साली दुसऱ्या वेषात परत आली, आणि तिची खंत फारशी कोणाला वाटली नाही. कारण सारे लक्ष ‘किती जणांनी मत दिले’ इकडे होते, ‘कोणाला विचारले’ इकडे नव्हते.

नावाचा एक योगायोग येथे उपयोगी पडतो. मुंबईच्या दक्षिण टोकालाही एक कुलाबा आहे. मंत्रालय व विधान भवन ज्या भागात आहेत, तो याच नावाच्या विधानसभा मतदारसंघात मोडतो. या कुलाब्यात मतदान राज्यातील अगदी कमी मतदानापैकी एक असते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत ते पन्नास टक्क्यांपर्यंतही गेले नाही. उलट जुन्या कुलाबा जिल्ह्यातील पेण व अलिबाग येथे दहांपैकी सात मतदार सहज केंद्रावर जातात. मुंबईच्या याद्यांत स्थलांतरितांची व मृतांची नावे पुष्कळ राहतात, आणि त्या मतदारसंघात कोळीवाडे व झोपड्याही आहेत, हे ध्यानात घेऊनही अंतर मोठेच राहते. मतदानाच्या प्रमाणात प्रभाव असता, तर खारापाटाचे पाणी प्रथम खारापाटाला मिळाले असते. तसे होत नाही. ज्याचा राबता मंत्रालयात आहे, त्याला मतदानकेंद्राच्या रांगेची फारशी गरज नसते. लाइपहार्ट यांच्या युक्तिवादातील उणीव नेमकी ही आहे. श्रीमंत मनुष्य मत देतो म्हणून प्रभावी ठरतो, असे त्यांनी गृहीत धरले. आपल्याकडे तो मत न देताही प्रभावी राहतो.

देशाच्या पातळीवरही हाच अनुभव येतो. १९५१-५२ साली लोकसभेसाठी निम्म्याहून कमी मतदारांनी मत दिले. २०१४, २०१९ व २०२४ या तिन्ही निवडणुकांत हे प्रमाण सुमारे दोनतृतीयांश राहिले. या वाढीत गरीब व ग्रामीण मतदारांचा वाटा मोठा आहे. परंतु जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी २०२४ साली मांडलेल्या अंदाजाप्रमाणे, वरच्या एक टक्का लोकांचा राष्ट्रीय उत्पन्नातील हिस्सा २०२२-२३ मध्ये २२.६ टक्के झाला. १९८० च्या दशकारंभी तो सहा टक्क्यांच्या आसपास होता. मतदान वाढल्याने विषमता वाढली, असा उफराटा निष्कर्ष कोणी काढू नये; विषमतेची कारणे अनेक आहेत. पण मतदान वाढले की ती घटेल, या प्रमेयाला मात्र हा आधार नव्हे.

कोणी म्हणेल, मतदारांच्या गणनेने योजना तर येतात. येतात हे खरे. २०२४ च्या जुलैपासून पात्र स्त्रियांना दरमहा १५०० रुपये देणारी योजना महाराष्ट्रात सुरू झाली, आणि नोव्हेंबरातील निवडणुकीत मतदान ६६ टक्क्यांवर गेले. जवळजवळ तीस वर्षांत इतके झाले नव्हते. ज्या घरात पंधराशे रुपयांनी महिनाअखेर निभावते, त्या घरातील स्त्रीला या मदतीचे मोल शिकविण्याचा अधिकार आम्हांला नाही. मात्र कार्यकारणाचा क्रम पाहावा. येथे योजना आधी आली व मतदान नंतर वाढले. आणि जे मिळाले ते वाटपातून मिळाले. जमीन, पाणी व मजुरी यांचे नाते होते तेथेच राहिले. निवडणुकीच्या दारात मिळालेली रक्कम पुढच्या निवडणुकीनंतर आटू शकते. सातबाऱ्यावर चढलेले कुळाचे नाव तसे सहज पुसता येत नाही.

मग मत निरर्थक काय? मुळीच नव्हे. चरीच्या संपाला विधिमंडळात आवाज मिळाला नसता, तर त्याचा शेवट उपासमारीत झाला असता. मत नसलेल्यांचे हाल मतदारांच्या हालांहून नेहमीच अधिक असतात. आमचा आक्षेप इतकाच, की लाइपहार्ट यांनी उत्तरे मोजली, प्रश्नपत्रिका कोण काढतो हे पाहिले नाही. संघटित लोकांनी प्रश्न आधी उभा केला व मताने त्यावर शिक्का मारला, तेव्हाच या भूमीवर जमिनीची वाटणी बदलली. प्रश्न दुसऱ्याने ठरविला तेव्हा मतदान भरघोस होऊनही वाटणी होती तशीच राहिली. सक्तीच्या कायद्याने मतपेटी भरेल. प्रश्न विचारण्याची शक्ती त्याने येणार नाही.

सुशिक्षित मध्यमवर्गाला यातून एक कर्तव्य उरते, आणि ते बोटावर शाई लावून घेण्यापुरते नाही. खेड्यातील मतदार पैशाला वा जातीला भुलतो, असे बैठकीत म्हणणे सोपे आहे. त्याने विचारलेल्या प्रश्नांपैकी किती प्रश्न आपल्या वाचनात, आपल्या वर्तमानपत्रांत व आपल्या सभांत आले, याचा हिशेब करणे अवघड आहे. हेटवण्याचे पाणी आपल्या नळाला येत असेल, तर कोरड्या राहिलेल्या कालव्याचा प्रश्न आपलाही आहे. तो आपण विचारू लागलो, तर दोन कुलाब्यांमधले अंतर काही प्रमाणात तरी कमी होईल.