अवस्थांतरक्षम पदार्थ आणि ऊर्जाबचत : डोव्हर सौरगृहाचे पुनर्मूल्यांकन

इमारतींतील ऊर्जाबचतीच्या चर्चेत अवस्थांतरक्षम पदार्थांची योग्यता बहुधा त्यांच्या अप्रकट उष्म्याच्या आकड्यावरून ठरविली जाते. हा निकष अपुरा असल्याचे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील डोव्हर येथील सौरगृहावरून दिसून येते. मारिया टेल्केस यांची उष्मासंचय-योजना व एलिनॉर रेमंड यांची वास्तुरचना यांतून ते १९४८ साली साकारले.

सुमारे ३२ अंश सेल्सिअसला वितळणारा ग्लॉबर क्षार दिवसा सूर्याची उष्णता साठवी व गोठताना ती खोल्यांना परत देई. किलोग्रॅममागे सुमारे २५० किलोज्यूल ही त्याची क्षमता निर्विवाद होती. परंतु वितळताना निर्जल क्षार तळाशी बसे आणि गोठताना त्याचा पाण्याशी पूर्ण संयोग होत नसे. परिणामी आवर्तनागणिक क्षमता घटत गेली व काही हिवाळ्यांतच ही व्यवस्था निकामी ठरली.

यावरून मूळ कल्पनाच त्याज्य ठरविणे अन्यायाचे होईल. क्षार तळाशी बसू नये म्हणून त्यात दाटपणा आणणारी द्रव्ये मिसळण्याचे प्रयोग पुढे झाले. सबब, एका वेळी किती उष्णता साठते यापेक्षा हजारो आवर्तनांनंतर किती परत मिळते, हीच या पदार्थांची कसोटी मानणे अगत्याचे आहे.