दत्तक, समूह, समायोजन : सरकारी शाळेच्या खर्चाची बदलती भाषा

शासन निर्णय म्हणजे फायलीला लावायचा कागद, असा आपला समज असतो. परंतु सरकार स्वतःची जबाबदारी कोठवर मानते, हे त्याच्या शब्दांतूनच कळते. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने ‘दत्तक शाळा योजना’ जाहीर केली. कंपनी, संस्था किंवा व्यक्तीने सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यावी, रोख रक्कम न देता वस्तू व सेवा पुरवाव्यात आणि ठरलेल्या मूल्याची देणगी दिल्यास आपले नाव शाळेला जोडून घ्यावे, असे तिचे स्वरूप. त्याच महिन्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र आणून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले गेले.

हे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. दत्तक मूल घेणाऱ्याचे नाव लावते. येथे शाळाही तेच करते. पण दत्तक मूल कायमचे घरचे होते, शाळा मात्र मुदत संपली की परत येते. तेव्हा संगणक जुने झालेले असणार आणि स्वच्छतागृहाच्या नळाचा प्रश्न पुन्हा मुख्याध्यापकांपुढे असणार. शिवाय दत्तक देण्यासाठी आधी पालकाला आपला हक्क सोडावा लागतो. येथे पालक कोण, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात दिले होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो. मग त्यातला शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर का, असा त्यांचा सवाल होता. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसे आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. म्हणजे रयत शाळेचे पैसे आधीच भरत होती. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही फुल्यांची मागणी या हिशेबावर उभी होती. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. दंड करायचा तर शाळा आधी द्यावी लागते, हे त्या संस्थानाने ओळखले होते.

आजही हिशेब फारसा बदललेला नाही. १९६२ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रात शहरी मालमत्तांवर शिक्षण उपकर आहे. तेव्हा ‘लोकसहभाग’ हा शब्द ऐकताना लोकांनी एकदा भरलेले आहे, हे विसरता येत नाही.

आता शाळेच्या हाती काय पडते ते पाहू. समग्र शिक्षा योजनेत केंद्र व राज्याचा वाटा ६०:४० असा आहे. तिच्यातील संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते : तीसपर्यंत विद्यार्थी असतील तर वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. खडू, विजेचे बिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता हे सारे त्यातूनच. पण गळके छप्पर पट मोजून गळत नाही आणि विजेचा स्थिर आकार आठ मुलांसाठी कमी होत नाही. पट घटला की अनुदान घटते, अनुदान घटले की शाळेची रया जाते, रया गेली की ज्या पालकांना परवडते ते मूल खासगी शाळेत घालतात. आणि मग कमी पट हेच बंद करण्याचे कारण ठरते.

समूह शाळेच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. चार इयत्तांत मिळून सात मुले असतील तर खेळायला गट नाही, वादाला जोडीदार नाही. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र शिक्षण हक्क कायदा याच मुलांसाठी साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक देतो, आणि राज्याचे नियम पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत मागतात. अंतर वाढवायचे तर वाहन हवे, आणि ते दरवर्षीच्या तरतुदीवर नव्हे, हक्काने हवे. धडगाव किंवा भामरागडच्या पावसाळ्यात बस न आल्यास मूल घरीच राहते. मुलगी असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळायला ती कायमचीच राहण्याची भीती असते. ‘समायोजन’ या शब्दात शिक्षक बसतो, बाकेही बसतात. ही मुलगी बसत नाही.

लोकसहभागाने काहीच होत नाही, असे नव्हे. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा गावाच्या व देणगीदारांच्या बळावर नावारूपाला आली. परंतु शिरूरला लागून कारखान्यांचा पट्टा आहे, धडगावला नाही. देणगी जेथे पैसा आहे तेथे जाते. जेथे तो नाही तेथे जाणे, हे राज्याचे काम.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी विनाअनुदानित शाळांना पंचवीस टक्के राखीव प्रवेशातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. जवळ सरकारी शाळा आहे, असा त्या सूटीमागचा युक्तिवाद होता. एका कागदावर जवळची सरकारी शाळा पुरेशी, दुसऱ्यावर तीच अव्यवहार्य. दोन्ही विधाने एकाच विभागाची.

उपाय फार गहन नाही. प्रत्येक शाळेला पटाशी न जोडलेले किमान अनुदान द्यावे व पटानुसारचे त्यावर वेगळे द्यावे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असतात. तिच्या लेखी संमतीवाचून शाळा हलवू नये. देणगी जरूर घ्यावी, पण ती छप्पर, शिक्षक आणि पाणी यांच्या बदल्यात नको. दाराशी पाटी कोणाचीही असो, आतला खर्च कोणी करायचा हे फुल्यांनी विचारले त्याला एकशे चाळीस वर्षे उलटली. उत्तर देणे अजून सरकारकडेच लागते.