बीजांडकोशाच्या प्रगत कर्करोगातील जीवनगुणवत्तेचे मापन : वऱ्हाडातील रुग्ण स्त्रीच्या संदर्भात एक चिकित्सा

वैद्यकीय संशोधनात प्रश्नावली हेही एक उपकरण मानले जाते. तापमापकातील पाऱ्याला भाषा नसते. प्रश्नावलीला ती असते. प्रस्तुत लेखात बीजांडकोशाच्या प्रगत कर्करोगासाठी वापरल्या जाणाऱ्या जीवनगुणवत्तेच्या प्रश्नावलींची चिकित्सा अमरावती व अकोला जिल्ह्यांतील ग्रामीण रुग्ण स्त्री डोळ्यांसमोर ठेवून करावयाची आहे.

पोट फुगणे, दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटणे, वारंवार लघवीला लागणे ही या रोगाची लक्षणे अपचनाची समजून अंगावर काढली जातात आणि बहुतेक स्त्रियांचे निदान तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत होते. रोग उलटल्यानंतर तर उपचाराचा हेतू मुख्यतः त्रास कमी करणे हाच उरतो. तो कमी झाला की नाही, हे रुग्णालाच विचारणे मग क्रमप्राप्त ठरते.

‘ईओआरटीसी’ या युरोपीय संघटनेची ‘क्यूएलक्यू-सी३०’ ही तीस प्रश्नांची प्रश्नावली १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे या रोगासाठी तिला ‘ओव्ही२८’ ही अठ्ठावीस प्रश्नांची पुरवणी जोडण्यात आली. उत्तरांचे रूपांतर शून्य ते शंभर गुणांत केले जाते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी मूळ प्रश्नावलीच्या मराठी व हिंदी रूपांची सप्रमाणता तपासून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, ही मोलाची कामगिरी होय. परंतु ती तपासणी शस्त्रक्रियायोग्य स्तनकर्करोगाच्या आणि डोके-मान कर्करोगाच्या रुग्णांवर झाली. जलोदराने पोट ताणलेल्या, पुनःपुन्हा पाणी काढून घ्यावे लागणाऱ्या स्त्रीची अवस्था निराळी असते.

पहिलाच प्रश्न जड पिशवी किंवा सुटकेस उचलण्याविषयीचा आहे. वऱ्हाडातील शेतमजूर स्त्री सुटकेस उचलीत नाही. ती डोक्यावर सरपणाचा भारा आणि कमरेच्या झोळीत वेचलेला कापूस वाहते. उदाहरण बदलणे सोपे आहे. त्याहून अवघड प्रश्न बोटांचा. पॅक्लिटॅक्सेल या औषधाने हातापायांना येणारा बधिरपणा ओव्ही२८ मध्ये विचारला जातो. ‘थोडासा’ असे उत्तर आले की शंभरांपैकी तेहतीस गुण पडतात आणि त्रास सौम्य ठरतो. परंतु बोंडातून कापूस वेचणे हे बोटांच्या टोकांचे काम आहे आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळते. कामात अडचण येते का, पैशाची ओढाताण होते का, असे सर्वसाधारण प्रश्न सी३० मध्ये आहेत, हे मान्य केले पाहिजे. मात्र बधिर बोटे आणि बुडालेली मजुरी यांतील दुवा त्यांवरून लागत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप कालावधीचा आहे. सी३० मधील बहुतेक प्रश्न ‘गेल्या आठवड्या’पुरते असतात, तर कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल ही औषधे साधारणतः २१ दिवसांच्या अंतराने दिली जातात. अचलपूर किंवा तेल्हारा तालुक्यातील स्त्री पुढच्या डोससाठी शहरात येईल तेव्हाच प्रश्नावली भरून घेतली, तर उत्तर मिळते ते तिसऱ्या आठवड्याचे, म्हणजे सर्वांत बऱ्या आठवड्याचे. अंगदुखीचे आणि मळमळीचे पहिले दिवस निसटून जातात. शिवाय जी फार खालावली ती येतच नाही आणि उरलेल्यांची सरासरी सुधारलेली दिसते. (हा दोष प्रश्नावलीचा नसून ती वापरणाऱ्याचा आहे, असे कोणी म्हणेल. रुग्णेच्या दृष्टीने फरक पडत नाही.)

भाषेविषयी थोडे. ‘थकवा’ हा शब्द कळतो सर्वांनाच. पण ‘आंग गळून गेलं’ असे सांगणारी बाई थकव्याच्या प्रश्नाला ‘बरं हाये’ म्हणून मोकळी होते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध करताना सांगणाऱ्यांच्या आठवणींतील पाठभेदही नोंदवून ठेवले होते. आमच्या रकान्यांत तेवढीही जागा नाही. लैंगिक जीवनाविषयीचे प्रश्न तर सून वा मुलगा वाचून दाखवीत असेल तेव्हा कोरेच राहतात आणि विश्लेषणात ‘अनुपलब्ध माहिती’ म्हणून वगळले जातात.

याचा अर्थ मापन सोडून द्यावे असा नव्हे. न्यूयॉर्क येथील ७६६ रुग्णांच्या चाचणीत स्वतःची लक्षणे नियमित कळविणाऱ्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान ३१.२ महिने, तर नेहमीची सेवा घेणाऱ्यांचे २६ महिने आढळले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे लक्षण तीव्र झाले की परिचारिकेला लगेच सूचना जात असे. उत्तराला कोणीतरी प्रतिसाद देत होते, ही बाब आमच्याकडील प्रबंधलेखनात सहसा दुर्लक्षित राहते. डोसनंतरच्या चौथ्या-पाचव्या दिवशी आशा सेविकेने घरी जाऊन वा दूरध्वनीवरून, वऱ्हाडीत, सात-आठ प्रश्न विचारावेत आणि उत्तरे त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवावीत. त्यात वेदनेचा प्रश्न असेल तर मॉर्फिनचीही तजवीज हवी. २०१४ च्या कायदेदुरुस्तीने त्याचे परवाने सुलभ केले आहेत. तेव्हा प्रश्नावली छापण्यापूर्वी जवळचे कोणते रुग्णालय ते ठेवते, याची चौकशी संशोधकाने करून घ्यावी.