मृगयानिषेधाचा वाद : कोल्हा, खोकड आणि पारधी

श्वानांचे जथे सोडून कोल्ह्याचा पाठलाग करावा आणि त्या पाठलागास क्रीडा म्हणावे, ही इंग्लंडातील प्रथा निषिद्ध ठरवावी की नाही, हा वाद तेथे दीर्घकाळ गाजला. २००४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्स या प्रांतांपुरता त्याचा निर्णय लागला; स्कॉटलंडने तत्पूर्वीच, २००२ मध्ये, स्वतंत्र कायदा केला होता. या वादाची मराठीत चर्चा होते तेव्हा ती बहुधा दोन ठरावीक बाजूंत विभागली जाते. एका बाजूस लाल अंगरख्यातील अश्वारूढ उमराव, दुसऱ्या बाजूस करुणेने द्रवलेला नागरिक. हे चित्र इंग्लंडच्या संदर्भातही अपुरे आहे. मराठी मुलखाच्या संदर्भात तर ते दिशाभूल करणारे आहे. या वादातील युक्तिवाद आपल्या भूमीवर आणून पारखले असता त्यांपैकी कोणते टिकतात आणि कोणते गळून पडतात, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

आरंभीच एक शब्दाची अडचण उभी राहते. इंग्रज ज्या प्राण्यामागे कुत्रे सोडतो तो मराठीतील कोल्हा नव्हे. त्याचा जवळचा नातलग आपल्याकडे खोकड या नावाने ओळखला जातो. खोकड अंगाने लहान, झुपकेदार शेपटीची, बिळात राहणारी. कोल्हा तिच्याहून मोठा, लांडग्याच्या कुळाशी अधिक निकटचा. तथापि इसापनीतीच्या मराठी अनुवादांत द्राक्षांना आंबट म्हणण्याचे काम कोल्ह्याकडे आले. हा केवळ अनुवादकाचा प्रमाद नव्हे. पंचतंत्रातील करटक आणि दमनक यांच्यामुळे धूर्तपणाची भूमिका भारतीय कथेत शृगालाकडे आधीच चालत आलेली होती. अनुवादकाने प्राण्याचे नव्हे, भूमिकेचे भाषांतर केले.

विशेष असे की, हीच अदलाबदल इंग्रज शिकाऱ्यानेही केली. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजाने विलायतेहून शिकारी कुत्रे आणविले, पेशावर, उटकमंड, मुंबई अशा ठिकाणी मृगयामंडळे स्थापिली आणि स्वदेशीच्या सावजाच्या जागी कोल्हा योजिला. सावज बदलले, परंतु पोशाख, शिंगाचा नाद आणि मंडळातील मानापमान हे सर्व तसेच राहिले. या क्रीडेचा गाभा सावजात नसून तिच्या समाजरचनेत आहे, हे यावरून स्पष्ट होते. ही शिकार उपद्रवी प्राण्याच्या निर्मूलनासाठीच होते, हा तिच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद येथेच प्रथम डळमळतो. मुंबईच्या परिसरातील कोल्ह्याने इंग्रज अधिकाऱ्याची मेंढरे खाल्ली म्हणून त्याचा पाठलाग झाला, असे म्हणणे कठीण आहे.

मृगयेच्या युक्तायुक्ततेचा विचार भारतीय परंपरेस नवा नाही. मनुस्मृतीने मृगयेची गणना राजाच्या कामज व्यसनांत केली आणि त्यांतही मद्यपान, द्यूत व स्त्रीव्यसन यांच्या पंक्तीस तिला बसवून अत्यंत घातक ठरविले. कौटिल्याने मात्र या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. मृगया आणि द्यूत यांत अधिक वाईट काय, या प्रश्नावर मृगयेस अधिक दोष देणारे मत प्रथम मांडून नंतर तो ते खोडून काढतो. मृगयेने व्यायाम घडतो, कफ, पित्त व मेद यांचा नाश होतो, स्थिर व चल लक्ष्याचा वेध साधतो, क्रोध आणि भय यांच्या प्रसंगी प्राण्याची चित्तवृत्ती कशी असते हे कळते, असे तिचे गुण तो सांगतो. शाकुंतलाच्या द्वितीय अंकातील सेनापती जवळजवळ हीच बाजू राजापुढे मांडतो आणि विदूषक तिची टर उडवितो. दुष्यंत शिकार थांबवितो तो सेनापतीचे म्हणणे खोटे ठरले म्हणून नव्हे, तर त्याचे मन अन्यत्र गुंतले म्हणून.

या सर्व चर्चेतील एक समान वैगुण्य ध्यानात घेतले पाहिजे. मनूचा आक्षेप आणि कौटिल्याचे समर्थन हे परस्परविरुद्ध असले, तरी दोहोंच्या केंद्रस्थानी शिकारी आहे. त्याचे शरीर, त्याचे राज्य, त्याचा विवेक. प्राण्याची बाजू दोनच ठिकाणी विशेष स्पष्टपणे पुढे येते. शाकुंतलाच्या प्रथम अंकात तापस राजास अडवितात आणि शस्त्र हे आर्तांच्या रक्षणासाठी आहे, निरपराधावर चालविण्यासाठी नव्हे, याचे त्याला स्मरण देतात. परंतु हा निषेध आश्रमाच्या हरणापुरता, म्हणजे स्थलविशिष्ट आहे. कौटिल्याच्या अभयवनाशी त्याचे नाते आहे. दुसरे स्थळ महाभारताच्या आदिपर्वातील. मृगरूप घेतलेला किंदम ऋषी पंडूच्या बाणाने विद्ध होतो आणि त्याला शाप देतो. पण मृगाला मारले हा आपला आक्षेप नसून समागमाच्या क्षणी मारले ही क्रूरता होय, असे तो बजावतो. वध आणि क्रौर्य यांत भेद करणारा हा विचार अत्यंत महत्त्वाचा आहे. शिकारीचा आधुनिक वाद ज्या कसोटीवर उभा राहिला, तिचे बीज येथे दिसते.

इंग्लंडात १८६९ साली इतिहासकार फ्रीमन आणि कादंबरीकार ट्रॉलप यांच्यामध्ये एका नियतकालिकाच्या पानांतून हा वाद झाला. करमणुकीसाठी प्राण्यास यातना देणे नीतिबाह्य आहे, ही फ्रीमनची भूमिका. अनेकांना लाभणारा निर्दोष आनंद आणि एका प्राण्याचे दुःख यांचे प्रमाण पाहावे, ही ट्रॉलपची. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी लॉर्ड बर्न्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने २००० साली अहवाल दिला. कुत्र्यांकडून होणाऱ्या पाठलागाने व वधाने त्या प्राण्याच्या स्वास्थ्यास गंभीर बाध येतो, असे समितीने नमूद केले. मात्र बंदी असावी की नसावी, हा निर्णय तिने संसदेवर सोपविला. सप्टेंबर २००२ मध्ये बंदीच्या विरोधात लंडनमध्ये चार लाखांवर लोकांचा मोर्चा निघाला. उमरावांच्या सभागृहाचा विरोध डावलून, १९११ व १९४९ च्या संसदविषयक कायद्यांच्या आधारे, २००४ चा कायदा संमत झाला आणि १८ फेब्रुवारी २००५ पासून तो अमलात आला.

तथापि या कायद्यातील अपवाद त्याच्या तत्त्वापेक्षा अधिक बोलके आहेत. कुत्र्यांच्या साहाय्याने उंदीर व ससे यांची शिकार करण्यास त्यात मुभा राहिली. क्रौर्य हीच कसोटी असेल तर उंदराची वेदना वेगळी का, या प्रश्नास कायद्यापाशी उत्तर नाही. भारतीय कायदाही याबाबतीत निर्दोष नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ पाचव्या परिशिष्टात उंदीर, कावळा इत्यादी प्राणी उपद्रवी म्हणून संरक्षणाबाहेर ठेवलेले होते. करुणेची सीमा सर्वत्र उपयुक्ततेच्या बांधाशीच येऊन थांबते, असे म्हणावे लागते.

भारतीय कायद्याचा इतिहास मात्र निराळ्या दिशेने गेला. १९७२ च्या कायद्यात परवान्याने शिकारीस वाव होता. १९९१ च्या दुरुस्तीने तो जवळजवळ संपुष्टात आणला. २००२ च्या दुरुस्तीनंतर शिकारीच्या व्याख्येत मारणे व विष घालणे यांबरोबरच पकडणे, फासे लावणे, हाकणे आणि कुत्रे मागे सोडून पाठलाग करणे यांचाही स्पष्ट समावेश झाला. म्हणजे इंग्लंडात ज्या कृतीवरून एवढा संघर्ष झाला, ती येथे व्याख्येतील एका शब्दाने निषिद्ध झाली. लाखोंचा मोर्चा निघाला नाही. याचे कारण येथील लोक अधिक करुणावान होते हे नव्हे; ज्यांच्यावर या निषेधाचा भार पडला त्यांना मोर्चा काढण्याइतके बळ नव्हते, हे आहे.

फासेपारधी समाजाची मृगया ही क्रीडा नव्हती. तित्तिर, लावा, ससा यांना फाशात धरणे, शिकविलेल्या बैलाच्या आडोशाने सावजाच्या जवळ जाणे, हे त्यांचे उपजीविकेचे तंत्र होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून सुरू झालेल्या कायदेमालिकेने पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण त्यानंतर वीस वर्षांनी आलेल्या दुसऱ्या कायद्याने त्यांचे कौशल्यच अपराध ठरले. एकाच कलमाने उमरावाचा छंद आणि पारध्याची भाकर यांचा निषेध होतो, तेव्हा अक्षराने समान असलेला कायदा भाराने समान राहत नाही. इंग्रजी वादातून घेतलेली करमणूकविरुद्ध करुणा ही चौकट येथे अपुरी पडते ती यामुळे.

परंपरेच्या युक्तिवादाची परीक्षा महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतीच्या निमित्ताने झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यती अवैध ठरविल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना सशर्त अनुमती दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध मानली. शिकारीचे समर्थक या निर्णयाचा आधार घेऊ पाहतील. परंतु हे साम्य वरवरचे आहे. बैल हा घरचा. त्याला खाऊ घालणारा, त्याच्या दुखण्याखुपण्यास उत्तरदायी असा धनी असतो आणि शर्यत संपल्यावर तो गोठ्यात परततो. पाठलागातील सावजाला धनी नाही आणि परतीची शाश्वती नाही. शर्यतीत नियमांनी क्रौर्य कमी करता येते. जथ्याच्या शिकारीत पाठलाग काढून टाकला तर क्रीडाच उरत नाही.

आता हे सर्व युक्तिवाद जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावी नेऊन पाहावेत. मिरचीच्या बाजारासाठी परिचित असलेल्या या गावच्या शेतकऱ्याला कोल्हा हा प्रतीक म्हणून नव्हे, शेजारी म्हणून ठाऊक असणार. कोल्हा काकडीला राजी, ही म्हण शेताच्या बांधावरच जन्मली आहे. तो काकडी, मका खातो हे जसे खरे, तसे तो शेतातील उंदीर खातो हेही खरे. अशा ठिकाणी उपद्रवाचा युक्तिवाद पूर्णतः खोटा ठरत नाही. पण त्यातून निष्पन्न होतो तो पिकाच्या रक्षणाचा अधिकार, पाठलागाच्या आनंदाचा नव्हे. मराठवाड्यातील कारवानी कुत्रा दृष्टीने सावज हेरून अल्पकाळात गाठतो आणि विलायती जथा वासाने दीर्घकाळ पाठ घेतो, हा भेदही यातनेचे मोजमाप बदलतो, तिचे स्वरूप नव्हे.

या गावाच्या नावातच असलेली देवी या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. भागवताच्या नवम स्कंधातील कथेप्रमाणे कार्तवीर्य राजा मृगयेसाठी वनात हिंडत असता जमदग्नीच्या आश्रमी आला. तेथून धेनूचे हरण, परशुरामाचा कोप, जमदग्नीचा वध आणि रेणुकेचे वैधव्य ही परंपरा सुरू झाली. राजाची मृगया सावजापाशी थांबत नाही, ती दुबळ्याच्या दारापर्यंत पोहोचते, असा अर्थ या कथेतून काढता येतो. पण त्याच मराठी मनाने खंडोबाच्या सोबत कुत्रा उभा केला आणि त्याच्या भक्तास वाघ्या म्हटले. लोकपरंपरेने मृगयेचा सरसकट धिक्कार केला नाही. सत्तेची मृगया आणि जगण्याची मृगया यांत तिने भेद केला.

हा भेद आधुनिक निषेधाच्या समर्थकांनी स्वीकारणे हिताचे आहे. श्वानपथकाच्या क्रीडेवरील बंदी न्याय्य आहे. आनंदासाठी लांबविलेली भीती ही किंदमाच्या अर्थाने क्रूरता होय आणि परंपरा तिचे परिमार्जन करू शकत नाही. त्याचप्रमाणे माळरानावरील विरळ होत जाणाऱ्या प्राण्यांचे रक्षणही अपरिहार्य आहे. परंतु ज्याच्या हातचा फासा काढून घेतला त्याच्या हाती दुसरे साधन दिले की नाही, हा प्रश्न त्या निषेधाचाच भाग आहे, त्याची पुरवणी नव्हे. सावजाचे दुःख मोजणारी करुणा पारध्याच्या चुलीपाशी येऊन मिटत असेल, तर ती करुणा नसून केवळ अभिरुची होय. मृगयानिषेधाच्या वादाचे मराठीत जे पुनर्लेखन व्हावयाचे आहे, ते या जागेपासून सुरू झाले पाहिजे.