एव्हलिनचे वचन

घर सोडणे ही गोष्ट आपणां नोकरदारांना फारशी अवघड वाटत नाही, कारण बहुधा तो निर्णय आपला नसतोच. बदलीचा हुकूम येतो, सामान बांधले जाते, आणि मागे राहणाऱ्या वृद्ध आईवडिलांना सांगण्यास एक सबळ कारण आपल्यापाशी असते. असा कोणताही हुकूम जिच्या हाती नाही, अशा एका मुलीची कथा जेम्स जॉइस याने लिहिली आहे. ‘एव्हलिन’ हे तिचे नाव. १९०४ च्या सप्टेंबरात ‘आयरिश होमस्टेड’ या शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या साप्ताहिकात ती प्रथम प्रसिद्ध झाली, आणि १९१४ साली ‘डब्लिनर्स’ या पंधरा कथांच्या संग्रहात समाविष्ट झाली.

कथा अवघ्या पाचसहा पानांची आहे. एकोणीस वर्षांची एव्हलिन संध्याकाळी खिडकीशी बसली आहे. मांडीवर दोन पत्रे आहेत. एक वडिलांना, दुसरे हॅरी या भावाला. फ्रँक नावाच्या खलाशाबरोबर रात्रीच्या बोटीने निघावयाचे आणि दूर ब्युनॉस आयर्सला संसार मांडावयाचा, असे ठरले आहे. घरी बापाच्या धमक्यांनी तिच्या छातीत धडधडते. दुकानातील नोकरीचे आठवड्याचे सात शिलिंग त्याच्या हाती द्यावयाचे, आणि बाजारासाठी पुन्हा त्याच्यापुढेच हात पसरावयाचा. दोन लहान मुलांची शाळा आणि जेवणखाण तीच पाहते. इतके असून, बंदरावर पोहोचल्यावर ती कठडा घट्ट धरून उभी राहते. फ्रँक हाका मारीत राहतो. ती जात नाही.

या शेवटाला कोणी भित्रेपणा म्हणतात. डब्लिन हे पक्षाघाताचे केंद्र आहे, असे जॉइसनेच एका पत्रात म्हटले असल्यामुळे या मताला बळ मिळते. ह्यू केनरसारखे टीकाकार उलट फ्रँकच्याच सच्चेपणाविषयी शंका घेतात. मला मात्र कथेचे मर्म मृत आईच्या ठिकाणी आहे असे वाटते. रस्त्यावरून बाजाच्या पेटीचे सूर येतात आणि एव्हलिनला आईची अखेरची रात्र आठवते. त्या रात्रीही असेच सूर आले होते. शक्य असेल तोवर घर एकत्र ठेवीन, असे वचन तिने तेव्हा दिले होते. परंतु त्याच आठवणीतून दुसरे चित्रही उभे राहते. क्षुल्लक त्यागांत झिजून गेलेले आणि शेवटी भ्रमिष्टपणात विझलेले ते आईचे आयुष्य! त्या भयानेच ती उठून उभी राहते. आईचे शब्द तिला थांबवितात, आणि आईचेच जिणे तिला पळ म्हणून सांगते. कर्तव्य एकीकडे व सुख दुसरीकडे, अशी ही साधी ओढाताण नव्हे. शिवाय वचन घेणारी व्यक्तीच हयात नसल्यामुळे त्यातून मुक्त करणारेही कोणी उरलेले नाही.

जॉइसची निःपक्षपाती दृष्टी येथे विशेष जाणवते. हाच बाप एकदा एव्हलिन आजारी असताना विस्तवावर पाव भाजून देतो, भुताची गोष्ट वाचून दाखवितो. हाउथच्या टेकडीवर पोरांना हसविण्यासाठी बायकोची टोपी डोक्यावर चढवितो. घर सर्वस्वी वाईट असते तर ते सोडणे सोपे झाले असते.

शेवटच्या परिच्छेदाविषयी मात्र माझी तक्रार आहे. तोवर एव्हलिनच्या मनात वावरणारा लेखक एकाएकी बाहेर येतो आणि तिच्याकडे मुक्या, असहाय जनावराकडे पाहावे तसे पाहतो. ही कथा प्रसिद्ध झाल्यावर महिन्याभरातच, ८ ऑक्टोबर १९०४ रोजी, जॉइस स्वतः नोरा बार्नेकल या तरुणीसह डब्लिन सोडून गेला. तेव्हा त्यांचा विवाह झालेला नव्हता. तो १९३१ साली झाला. निघालेल्या माणसाला मागे राहणारीचे मन शेवटपर्यंत सोबत नेता आले नसावे.

आणि हा दोष केवळ जॉइसचा आहे काय? कथेतील हॅरीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो चर्चच्या सजावटीच्या कामानिमित्त नेहमी परगावी असतो आणि जमेल तेवढे पैसे घरी पाठवितो. तो चांगला भाऊ आहे. एव्हलिनलाही तो प्रिय आहे. घर एकत्र ठेवण्याचे वचन मात्र त्याच्याकडून कोणी मागितल्याचे कथेत दिसत नाही. दर महिन्याला घरी पैसे पाठवून निश्चिंत होणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही कथा वाचताना फ्रँकची किंवा बापाची झडती घेण्याआधी या हॅरीकडे पाहावे. एव्हलिनने त्याला लिहिलेल्या पत्राचे पुढे काय झाले, हे जॉइस सांगत नाही.