‘स्वामी’ आवडली, हे मत झालं. संशोधनाचा प्रश्न कुठला?

नेट-सेट किंवा पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "मला ऐतिहासिक कादंबऱ्यांवर काम करायचंय, विषय काय घेऊ?" पुढे विचारलं की कादंबरीबद्दल तुमचं म्हणणं काय, तर उत्तर येतं, "खूप आवडली." आवडणं वाईट नाही, माझंही काम तिथूनच सुरू झालं. पण आवडीतून प्रश्न कसा काढायचा ते कुणी सांगत नाही. म्हणून आज रणजित देसाईंची ‘स्वामी’ घेऊ. बहुतेकांनी ती वाचलेली असते. नसेल, तर दूरदर्शनवरच्या मालिकेतले रवींद्र मंकणी आणि मृणाल देव घरातल्या मोठ्यांना नक्की आठवत असतात.

आधी माझं मत

‘स्वामी’ 1962 साली आली आणि 1964 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. थोरले माधवराव पेशवे आणि रमाबाई यांची ही गोष्ट. इतिहासाचा सांगाडा थोडक्यात असा: जानेवारी 1761 मध्ये पानिपत झालं, त्याच वर्षी नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचा मुलगा पेशवा झाला. काका रघुनाथरावांशी भांडण, निजामाशी लढाई, डोक्यावर कर्ज, अंगात क्षय. 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला मृत्यू, वय सत्तावीस. रमाबाई सती गेल्या.

कादंबरीचं बळ मला दोन गोष्टींत दिसतं. एक म्हणजे आजार. तो शेवटी येऊन आदळत नाही. माणूस हळूहळू आतून झिजताना दिसतो, आणि त्यामुळे प्रत्येक निर्णयावर वेळेचं दडपण येतं. दुसरं म्हणजे नवराबायकोतला संकोच. मोठ्या वाड्यात, नोकरचाकर आणि वडीलधाऱ्यांच्या नजरेत, दोन तरुण माणसांना एकमेकांशी बोलायला किती कमी जागा आहे, हे देसाई फार नेमकं दाखवतात. प्रेमकथा म्हणून ती आजही पकडून ठेवते ती यामुळे.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. रमाबाईंचं सती जाणं हे प्रेमाचं परमोच्च टोक म्हणून येतं. आपण रडतो. आणि रडता रडता एक गोष्ट मान्य करून टाकतो, की एवढं प्रेम असलेली बाई दुसरं करणार तरी काय!

मताचा प्रश्न करायचा कसा

इथे थांबा. ‘सतीचं उदात्तीकरण केलंय’ असं लिहून पेपर संपवू नका. ते बरोबर असेल, पण तो निकाल झाला, शोध नाही. त्याऐवजी साधी तुलना करा. पेशव्यांच्या घरात त्याच काळात दुसऱ्या विधवा होत्याच ना? पहिल्या बाजीरावांच्या काशीबाई त्यांच्यामागे जगल्या. नानासाहेबांच्या गोपिकाबाई जगल्या आणि राजकारणात लक्षही घालत राहिल्या. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाई जगल्या. पुढे नारायणरावांच्या गंगाबाई आणि रघुनाथरावांच्या आनंदीबाईही जगल्या.

म्हणजे या घरात सती जाणं ही आपोआप घडणारी गोष्ट नव्हती. मग रमाबाईच का? हा झाला प्रश्न. ‘प्रेम होतं म्हणून’ हे कादंबरीचं उत्तर आहे. ते खोटं ठरवायची गरज नाही, पण ते एकटं पुरत नाही; नाहीतर काशीबाईंचं प्रेम कमी होतं असं म्हणावं लागेल!

मनात लगेच दुसरं उत्तर येतं: रमाबाईंना मूल नव्हतं आणि गादी दिराकडे जाणार होती, म्हणजे घरातली जागाच गेली. चांगला अंदाज आहे. आता त्याच्या विरुद्ध जाणारं उदाहरण स्वतःच शोधा. पार्वतीबाई समोर येतात. पण त्या तर भाऊ जिवंत असल्याच्या आशेवर राहिल्या, तेव्हा हे उदाहरण सरळ लागू पडत नाही. बघा, आपला अंदाज असा स्वतःच तपासत जाणं, याला पद्धत म्हणतात. अवघड शब्द नंतर येतात.

सिद्धान्त कुठे लागतो

लुकाच या हंगेरियन समीक्षकाने वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांबद्दल एक निरीक्षण मांडलंय: तिथे मधोमध सामान्य माणूस असतो आणि थोर ऐतिहासिक व्यक्ती कडेला. ‘स्वामी’ नेमकी उलटी आहे. थोर माणूस मधोमध, आणि राज्याचे प्रश्न त्याच्या घरात, आजारात, नात्यांत उतरवलेले. या रचनेत रमाबाईंना दिसायचं तर माधवरावांच्या उजेडातच दिसता येतं. तो विझला की त्यांची गोष्टही संपते. शेवट हा केवळ लेखकाच्या विचारांचा भाग नाही, रचनेनेच तो मागून घेतलाय, असं माझं म्हणणं आहे. हे विधान कुणी खोडू शकतं. खोडता येईल असंच विधान प्रबंधात चालतं.

आमच्या गणपतीपुळ्याची रमाबाई

मी गणपतीपुळ्याची. आमच्या देवळाच्या माहितीत पेशव्यांची नावं येतात: नंदादीपाची सोय नानासाहेबांनी केली, दगडी धर्मशाळा रमाबाई पेशव्यांनी बांधली, असं सांगतात. इथे रमाबाई कुणासाठी मरत नाहीत, काहीतरी बांधतात. ‘स्वामी’च्या वाचकाला ही रमाबाई ओळखीचीच वाटत नाही.

पण सांगोवांगी म्हणजे पुरावा नव्हे. आणि इथे एक मोठा खड्डा आहे. सवाई माधवरावांच्या पहिल्या पत्नीचं नावही रमाबाईच, त्या थत्त्यांच्या. म्हणजे ‘माधवराव पेशव्यांची पत्नी रमाबाई’ हे वर्णन दोन बायकांना लागू पडतं! आपण मात्र न विचारता थेऊरच्या रमाबाई धरतो, कारण आपल्या डोळ्यासमोर तोच चेहरा आहे. लोकप्रिय कादंबरी इतिहासावर परिणाम करते तो असा: ती खोटं सांगते म्हणून नाही, दुसऱ्या शक्यता सुचूच देत नाही म्हणून.

हे सोडवायचं तर कादंबरीबाहेर जावं लागेल. गणेश चिमणाजी वाडांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशीतल्या नोंदी छापील आहेत, तिथून सुरुवात करा. मग पुण्यातलं पेशवे दफ्तर. त्यासाठी मोडी शिकावी लागेल, दुसरी वाट नाही. देणग्या, इनामं, खर्चाच्या नोंदी हे कागद रुक्ष असतात, पण बायका काय करत होत्या हे पुष्कळदा अशाच कागदांत सापडतं.

तुमच्या प्रस्तावासाठी

आवडत्या कादंबरीचं एकच पान घ्या, जिथे तुम्ही रडलात ते. लेखकाने तिथे कुठला प्रश्न आधीच सोडवून टाकलाय ते एका वाक्यात लिहा. मग त्याच काळातली तीन माणसं शोधा, ज्यांनी तशाच प्रसंगी वेगळं केलं. एवढं जमलं तर प्रस्तावाचं पहिलं पान तयार आहे. आणि ‘स्वामी’ पुन्हा वाचाच. मी दर वेळी वाचते, रडतेही. फक्त आता रडून झालं की थत्त्यांच्या रमाबाई आठवतात.